जनित्रातील उलटे क्षेत्र



आपल्यापैकी ज्यांची शेतीवाडी आहे त्यांना ‘एक फेज गेला आणि मोटार जळाली’ हे वाक्य समजावून सांगावयास नको. विहिरीवरच्या पंपाचे जे होते तेच वीजगृहातील प्रचंड जनित्राचेही होऊ शकते. आज त्याचीच कारणमीमांसा करण्याचे आम्ही योजिले आहे.

तिन्ही फेजांतून सारखा प्रवाह वाहत असला, म्हणजे जनित्राच्या स्टेटरमधील चुंबकीय क्षेत्र रोटरच्याच वेगाने त्याच्यासवे फिरते. प्रवाह असमान झाले की हा मेळ बिघडतो. त्याचा हिशेब मांडावा कसा, हे कोडे चार्ल्स फोर्टेस्क्यू या अभियंत्याने १९१८ साली अमेरिकेत सादर केलेल्या निबंधात सोडविले. कोणतेही तीन असमान प्रवाह म्हणजे तीन समतोल संचांची बेरीज होय, असे त्याने दाखविले: एक सुलट क्रमाचा, एक उलट क्रमाचा व एक शून्य क्रमाचा. इतकी साधी आणि इतकी फलदायी युक्ती विद्युत्शास्त्रात आम्हांस तरी दुसरी आढळलेली नाही.

घातकी तो उलट क्रमाचा संच. त्याचे क्षेत्र विरुद्ध दिशेने फिरते. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची; म्हणून रोटरला हे क्षेत्र १०० आवर्तनांनी भेटते, त्याच्या पोलादी पृष्ठभागात प्रवाह उठविते आणि पाचरी व टोकांची कडी यांच्या सांध्यांशी विलक्षण उष्णता साचते. समजा, दोनच फेजांतून पूर्ण नेमलेला प्रवाह घेतला. मापकाचा काटा मर्यादेतच राहतो, पण उलट क्रमाचा अंश सुमारे ५८ टक्के असतो! या अंशाचा वर्ग गुणिले सेकंद, ही मर्यादा एखाद्या मोठ्या जनित्रास १० असली, तर हाती उरतात अवघे ३० सेकंद.

तिन्ही फेज सारखे मानून रचलेले गणिती प्रतिरूप येथे आंधळे ठरते. सुलट क्रमास जनित्राचा रिअ‍ॅक्टन्स मोठा, उलट क्रमास पुष्कळच लहान. शून्य क्रमाची गोष्ट तर तटस्थ बिंदू जमिनीस कसा जोडला आहे यावरही अवलंबून. तिन्हींस एकच आकडा लावणाऱ्या विद्यार्थ्याची वही आम्ही निःशंकपणे परत करतो. १९२९ साली रॉबर्ट पार्क यांनी रोटरवर बसून पाहिल्यासारखी समीकरणे मांडली. संतुलन असता त्यांतील राशी स्थिर राहतात. असंतुलनात त्या १०० आवर्तनांनी डोलू लागतात. हे डोलणे सरासरीत पुसून टाकले, की गणित सुटसुटीत होते आणि रोटर जळतो.

असंतुलन केवळ अपघातानेच येते असेही नव्हे. मुंबईच्या उपनगरी विजेच्या गाड्या १९२५ साली एकदिश प्रवाहावर सुरू झाल्या. आता त्या २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर धावतात, आणि हा भार एकफेजी असतो. लगतची उपकेंद्रे निरनिराळ्या फेजजोड्यांवर जोडून तो वाटून देतात खरा, परंतु गाड्या काही सर्व जोड्यांवर समसमान धावत नाहीत!

आपल्या ज्ञातीतील जे तरुण वीजगृहांत नोकरीस आहेत, त्यांस एवढीच विनंती की, उलट क्रमाच्या संरक्षक रिलेचा आकडा जुन्या वहीतून उतरवून घेऊ नये. तो आपल्या यंत्राच्या निर्मात्याने दिलेल्या कागदांतून काढावा.