डिकीतला ढोल

कविता लिहिणाऱ्या माणसाने वॅट आणि ओमवर बोलावं, हे जरा विचित्र वाटेल. पण गेल्या पावसाळ्यात भाच्याच्या गाडीतून रात्री कसारा घाट उतरत होतो. बाहेर दाट धुकं, आणि डिकीतून येणाऱ्या प्रत्येक ठेक्याला समोरचे दिवे मंद व्हायचे. धुम् झालं की रस्ता पुसट. ‘मामू, ते तसंच होतं,’ तो म्हणाला. मी गाणं बंद करायला लावलं.

पोरानं वर्षभराची बचत घालून जुन्या वॅगन-आरमध्ये दोन बारा इंची सबवूफर बसवले होते. अँप्लिफायरच्या खोक्यावर छापलं होतं, 2000 वॅट. आता गणित पाहा. गाडी चालू असताना दाब असतो सुमारे 14 व्होल्ट. म्हणजे 2000 वॅटसाठी दीडशे अँपिअरच्या आसपास किंवा वरच प्रवाह लागेल. छोट्या गाडीचा अल्टरनेटर त्याच्या निम्माही देत नाही. आणि त्या अँप्लिफायरचा फ्यूज होता 40 अँपिअरचा! चाळीस गुणिले चौदा, त्यातून उष्णतेत जाणारं वजा करा. साडेचारशेच्या पुढे मजल जात नाही. खोक्यावरचा मोठा आकडा क्षणभराचा, खरं तर जाहिरातीचा. विचारायचा तो आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी शक्ती. दुकानदार तो सांगायला कां-कूं करू लागला की समजून घ्यावं.

शक्ती दुप्पट केली तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम कळतो. आवाज दुप्पट वाटायला शक्ती जवळजवळ दहापट लागते. मग पैसे कशाला ओतायचे?

आपल्या नाशिक ढोलाचा दणका मोकळ्या मैदानात छातीत जाणवायला पथक लागतं. गाडीची बंद जागा मात्र खालचे सूर आपोआप उचलून धरते. रोजच्या वापराला बंद पेटीतला एक दहा इंची सबवूफर आणि दोनशे ते अडीचशे वॅट आरएमएस मला पुरेसे वाटतात. भोकाची पेटी जास्त घुमते, पण ती नीट बनवलेली नसेल तर तबल्याचा डग्गा आणि ढोलकी एकच वाटू लागतात. आमच्यासारख्या गझल ऐकणाऱ्यांना ते सोसत नाही. डिकीत सामान टाकायचं असेल, तर सीटखाली बसणारा, आतच अँप्लिफायर असलेला आठ इंची डबा बरा.

द्वारकेजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं सगळं उघडलं. चार ओमचे दोन सबवूफर समांतर जोडल्यानं भार दोन ओमवर आला होता. तो अँप्लिफायर त्या जोडणीत चारच्या खाली चालणारा नव्हता, म्हणून तापत होता. तार बारीक, तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची. अर्थिंगचा स्क्रू रंगावरच आवळलेला. आणि बॅटरीजवळ फ्यूजच नाही! तार कुठे घासली असती तर गाडी पेटली असती. त्यानं जाड तांब्याची तार ओढली, बॅटरीपासून हातभराच्या आत फ्यूज बसवला, एक सबवूफर काढून टाकला. ‘गेनचं बटण म्हणजे आवाजाचं बटण नव्हे,’ असं भाच्याला दोनदा बजावलं. ते फार पिळलं की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाजच सबवूफर जाळतो.

काढलेला सबवूफर भाच्यानं विकला नाही, माळ्यावर ठेवलाय. परवा त्र्यंबक रोडनं येताना सिव्हिल हॉस्पिटल दिसलं, तसा त्याचा हात आपोआप बटणाकडे गेला. रुग्णालयाजवळ शांतता पाळायची असते, हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं.