विषाणूची ओळख आणि कामगाराची सुरक्षा

(कामगार शिक्षण शिबिरातील भाषण)



रेल्वेचा माणूस कोंबड्यांच्या रोगावर काय बोलणार, असे काहींना वाटेल. पण सुरत-भुसावळ मार्गावर नवापूर स्टेशन आहे. अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. त्या नवापुरात २००६ साली पोल्ट्रीतील कोंबड्या पटापट मरू लागल्या. आधी वाटले, ही नेहमीची मानमोडी, म्हणजे राणीखेत. भोपाळच्या प्रयोगशाळेत नमुने तपासले गेले आणि १८ फेब्रुवारीला जाहीर झाले की हा एच-५ एन-१ बर्ड फ्लू आहे. भारतातील ती पहिलीच नोंद.

नुसत्या लक्षणांवरून या दोन रोगांत फरक करता येत नाही. शिवाय दोन्हींचे सौम्य आणि जहाल असे विषाणू असतात. पूर्वी विषाणू दहा कोंबड्यांना टोचून दहा दिवस वाट पाहावी लागे. आता विषाणूचे जनुकच वाचतात. बर्ड फ्लूच्या विषाणूवर एक प्रथिन असते. ते ठराविक जागी कापले गेल्याशिवाय लागण होत नाही. सौम्य विषाणूत ते मुख्यतः श्वासनलिकेत व आतड्यात कापले जाते. जहाल विषाणूत त्या जागेची रचना अशी असते की ते शरीरात कोठेही कापले जाते. आपल्या भाषेत सांगायचे तर साधी किल्ली एकाच कुलपाला लागते, कॅरेज-की सगळ्या डब्यांना. मानमोडीतही असाच फरक सापडतो. पीसीआर तपासणीने हे काही तासांत कळते.

मग कामगाराचा प्रश्न कोठे? नवापूर परिसरात लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, त्या माणसांच्या हातांनी. २०२१ साली दिल्लीच्या एम्समध्ये एक लहान मुलगा याच रोगाने दगावला. म्हणजे धोका खरा आहे. नमुना निघून अहवाल येईपर्यंत शेडमधला मजूर त्याच पिसांत, त्याच विष्ठेत राबतो. पार्सलच वेळेवर चढले नाही, तर गाडी वेगवान असून काय उपयोग?

म्हणून आपल्या मागण्या अशा:

१) अचानक मरतूक होताच त्याच दिवशी कळवावे. अहवालाची वाट न पाहता मजुरांना मास्क, हातमोजे व गमबूट द्यावेत.

२) कोंबड्या मारणाऱ्या व पुरणाऱ्या प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी व्हावी, आणि अहवाल त्याला त्याच्या भाषेत सांगावा.

३) नुकसानभरपाई पक्ष्यांच्या हिशेबाने मालकाला मिळते. शेड बंद राहील तितक्या दिवसांची मजुरी कामगारालाही मिळावी.

हे कामगार असंघटित आहेत. त्यांचा आवाज आपणच झाले पाहिजे.

कामगार एकजुटीचा विजय असो!