काळ्या दोऱ्यापासून संगणकापर्यंत

चित्रपटांतील चमत्कार हा आजच्या भाषणाचा विषय आहे. वास्तविक तो एखाद्या कलावंतानें किंवा यंत्रविद्या जाणणाऱ्यानें मांडावयाचा. मी पडलों मॅट्रिकपर्यंत शिकलेला खेड्यांतील शाळामास्तर, आणि तोहि आतां निवृत्त. परंतु आमच्या भंडारा जिल्ह्याला चमत्कारांचें वेड फार, आणि त्या वेडांतच मी लहानाचा मोठा झालों. माझा अधिकार असलाच तर एवढाच.

धानाची कापणी-मळणी उरकली कीं आमच्या झाडीपट्टींत नाटकांचे दिवस येतात. दिवसां शंकरपट आणि रात्रीं नाटक. नाटकाच्या जाहिरातींत "ट्रिक सीन" हे दोन शब्द दिसले कीं आसपासच्या गांवांहून बैलगाड्या लोटत. जत्रेंत तंबूंतला सिनेमा येई. अशाच एका तंबूंत, आठवींत असतांना, मीं आजीबरोबर "संत तुकाराम" पाहिला. शेवटीं वैकुंठाहून पक्ष्याच्या आकाराचें विमान येतें आणि तुकोबा त्यांत बसून आकाशांत जातात. आजूबाजूच्या बायकांनीं हात जोडले, आजीचे डोळे भरून आले. मला नुकतीच विद्येची शिंगें फुटलीं होतीं. मीं तिच्या कानांत म्हटलें, "आजी, हें सगळें खोटें आहे. वरून दोऱ्यानें ओढतात." आजी पडद्यावरची नजर न काढतां म्हणाली, "मानूस उडत नाई, ते का मले समजत नाई, बाबू? तू चूप बस अन् पाहू दे."

त्या वेळीं मला तो आजीचा भोळेपणा वाटला. पडद्यावरचा चमत्कार म्हणजे फसवणूक, असें माझें मत पुढें पुष्कळ वर्षें होतें. तें मत बदललें लाखोळीच्या एका रोपानें. ती हकीकत सांगण्यापूर्वीं दादासाहेब फाळक्यांकडे वळलें पाहिजे, कारण लाखोळीची कल्पना मूळ त्यांची.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 1870 सालीं त्र्यंबकेश्वर येथें झाला. मुंबईची जे. जे. कलाशाळा, बडोद्याचें कलाभवन, छायाचित्रण, ठसे करण्याचा आणि छपाईचा धंदा, इतकेंच नव्हे तर जादूचे प्रयोग, असें त्यांचें शिक्षण चहूंकडून झालें होतें. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून त्यांच्या मनानें घेतलें कीं आपल्या राम-कृष्णांना पडद्यावर आणावयाचें. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते 1912 सालीं लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परत आले. 3 मे 1913 रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमांत "राजा हरिश्चंद्र" लागला, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच्याआधीं त्यांनीं एक लहानसा चित्रपट केला होता. त्यांत राजा नव्हता, राणी नव्हती. कुंडींत लावलेला वाटाण्याचा दाणा आणि त्याचा वाढत जाणारा वेल, एवढेंच. ठराविक अंतरानें त्या रोपाचें एकेक चित्र घ्यावयाचें आणि मग तीं सारीं चित्रें सलग फिरवावयाचीं. कित्येक दिवसांची वाढ पाहतां पाहतां डोळ्यांपुढें उभी राहते. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटली ती ह्या वाटाण्यामुळें.

निवृत्तीपूर्वीं दोन-एक वर्षें मी ही गोष्ट सातवीच्या वर्गाला सांगत होतों. एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, आपण करून पाहूं या." आमच्याकडे वाटाण्यापेक्षां लाखोळी सोपी, धान निघण्याच्या सुमारास तिचें बीं बांधीबांधींत फेंकलेलें असतें. एका कुंडींत दाणे लावले, कुंडीखालीं खडूनें खूण केली, आणि खिडकीच्या गजाला माझा मोबाईल बांधण्याची जागा ठरविली. दिवसांतून तीन चित्रें, असे एकवीस दिवस. रविवारचें काम शाळेशेजारीं घर असलेल्या मुलाकडे. एकूण त्रेसष्ट चित्रें झालीं. सिनेमांत सेकंदाला चोवीस चित्रें लागतात. त्या हिशेबानें आमचा सिनेमा तीन सेकंदांतच आटोपता. म्हणून आम्हीं सेकंदाला आठ घेतलीं आणि पुरते आठ सेकंदहि न भरणारा सिनेमा वर्गांत दाखविला.

श्रोतेहो, मी शेतकऱ्याचा मुलगा. लाखोळी मीं जन्मभर पाहिली. पण तें रोप सरळ वर चढत नाहीं, झोंप लागलेल्या मुलाच्या मानेसारखें कधीं डावीकडे, कधीं उजवीकडे कलत वाढतें, हें मला त्या आठ सेकंदांत प्रथम दिसलें. युक्ति होती, पण दिसलें तें खरें होतें. नुसत्या डोळ्याला जें कधीं दिसलें नसतें, तें युक्तीनें दिसलें.

मुलांना मात्र आनंद झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. बाराव्या दिवशीं झाडलोट करतांना कोणी तरी कुंडी सरकविली होती. त्यामुळें पडद्यावर ती कुंडी टुणकन चार बोटें उडाली! मुलें हंसून लोळलीं आणि "पुन्हां दाखवा" म्हणूं लागलीं. ह्याच चुकीवर सिनेमाच्या चमत्कारांचा अर्धा इतिहास उभा आहे. फ्रान्समधील मेलिएस नांवाच्या जादूगारानें सांगून ठेवलें आहे कीं पॅरिसच्या रस्त्यावर चित्रण करतांना त्याचा कॅमेरा क्षणभर अडकला. मागाहून फीत पाहतो तों रस्त्यावरची प्रवासी गाडी एकाएकीं प्रेतवाहक गाडी झालेली! कॅमेरा थांबवावा, वस्तु बदलावी, पुन्हां चालू करावा. म्हणजे देव प्रगट होतात आणि राक्षस गुप्त होतात. दुसरी युक्ति काळ्या पडद्याची. काळ्या पडद्यापुढें नट उभा करून चित्र घेतलें कीं काळा भाग फितीवर उमटतच नाहीं. फीत मागें फिरवून त्या कोऱ्या जागीं दुसरें दृश्य घ्यावें, म्हणजे मनुष्य ढगांत दिसतो. एवढेंच, कीं कॅमेऱ्याचा दांडा किती वेळां फिरविला हें अचूक मोजावें लागे. एक फेरा चुकला कीं सारें काम वायां.

हें सर्व दादासाहेब आरंभीं दादरच्या राहत्या घरांत करीत. कोऱ्या फितीच्या कडांना भोंकें पाडण्याचें किचकट काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारांत बसून करीत. 1917 च्या "लंकादहन"मध्यें मारुति आकाशांतून उडाला. त्यांत राम आणि सीता ह्या दोन्ही भूमिका साळुंके ह्या एकाच नटानें केल्या होत्या. परंतु मला अधिक मोलाचा वाटतो तो 1919 चा "कालियामर्दन". त्यांत बाळकृष्ण झाली आहे फाळक्यांचीच लहान मुलगी मंदाकिनी. चित्रपटाच्या आरंभींच ती साध्या मुलीच्या रूपानें पडद्यावर येते, नाना हावभाव करून दाखविते, आणि मग तिचाच चेहरा विरत विरत कृष्णाचा होतो. ही माझी पोर आहे आणि ती आतां कृष्णाचें सोंग घेणार आहे, असें जणूं सांगूनच फाळके खेळ मांडतात. एवढें सांगूनहि तो कृष्ण लोकांना कृष्णच वाटला. हें वाचलें तेव्हां मला तंबूंतली आजी आठवली.

पुढें प्रभात कंपनीनें ही कला फार वर नेली. दामले आणि फत्तेलाल यांचा "संत तुकाराम" 1936 चा. 1937 सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. 1940 च्या "संत ज्ञानेश्वर"मधील चालती भिंत आमच्या पिढीच्या वडील मंडळींना तोंडपाठ होती. इकडे मुंबईंत बाबूभाई मिस्त्री यांनीं 1937 च्या "ख्वाब की दुनिया" चित्रपटांत काळ्या दोऱ्यानें वस्तु अधांतरीं नाचविल्या आणि "काला धागा" हें नांवच त्यांस पडलें. म्हणजे दोऱ्याविषयीं मी आजीला जें सांगितलें तें अगदींच चूक नव्हतें! आमच्या तरुणपणचा तात्या विंचू, 1993 च्या "झपाटलेला"मधला, तोहि रामदास पाध्ये यांच्या हातानें चालणारी बाहुलीच होता.

त्याच 1993 सालीं अमेरिकेंत "जुरासिक पार्क" निघाला आणि दोऱ्याचें राज्य संपत आलें. त्यांतहि बरेच डायनासोर यंत्रांचे होते, संगणकाचे थोडेच. पण पुढें काय येणार हें जगाला कळून चुकलें. संगणक चित्र कसें काढतो तें आमच्या आयाबहिणींना लवकर समजेल, कारण ती ठिपक्यांची रांगोळी आहे. सिनेमाच्या एका चित्रांत साधारणपणें आडवे 2048 आणि उभे 1080 ठिपके, म्हणजे सुमारें 22 लाख. प्रत्येक ठिपक्यांत तांबडा, हिरवा, निळा किती तें आंकड्यांनीं सांगावयाचें. सेकंदाला अशा चोवीस रांगोळ्या. आंकडा बदलला कीं रंग बदलला. मग डोंगर काय आणि दानव काय. काळ्या पडद्याची जागा हिरव्यानें घेतली. नट हिरव्या कापडापुढें उभा राहतो आणि संगणकाला सांगतात कीं जेथें हिरवें तेथें दुसरें चित्र भर. माणसाच्या कातडींत हिरवा रंग जवळजवळ नसतो, म्हणून हिरवा. जेथें तो पडदा लावतां येत नाहीं तेथें नटाची कड चित्रागणिक माणसाला आंखावी लागते. "डेनेग" ही कंपनी मुंबईच्या प्राइम फोकसशीं 2014 सालीं जोडली गेली. तिच्या कामाला ऑस्कर पारितोषिकें मिळालेलीं आहेत, आणि जगांतील मोठमोठ्या चित्रपटांचें असलें काम मुंबईंत बसलेलीं मुलें-मुली करतात. अंधारांत फितीला भोंकें पाडणाऱ्या सरस्वतीबाईंचेंच हें काम. चित्रपटाच्या शेवटीं त्यांचीं नांवें मात्र इतकीं भरभर धांवतात कीं आईबापांनाहि वाचतां येऊं नयेत! आतां तर 2022 च्या सुमारापासून नुसतें शब्दांनीं सांगावें आणि यंत्रानें चित्र द्यावें, इथवर मजल गेली आहे. त्याला कॅमेराहि नको, कुंडीहि नको.

ह्याची दुसरी बाजू मला घरबसल्या दिसली. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला. माझें घर नदीपासून फार दूर नाहीं. रात्रींतून पाणी चढलें, आम्हीं शेजाऱ्याच्या माडीवर गेलों, आणि सकाळीं तेथून मीं मोबाईलवर चित्र काढलें: आमचें छप्पर, त्यावर बसलेली एक शेळी, आणि सभोंवार पाणी. तें पुण्यास असलेल्या पुतण्याला पाठविलें. त्याचें उत्तर आलें, "काका, कोणी पाठवलं हें? असलीं चित्रें कॉम्प्युटरवर कोणीहि करतो. पुढें पाठवूं नका." मीं फोन लावला तर वीज गेल्यामुळें बोलणें मध्येंच तुटलें. दोन दिवस तो समजत होता कीं काका भोळे आहेत, कोणी तरी त्यांना फसविलें आहे. आजीला मीं जें कानांत सांगितलें, तेंच तो मला सांगत होता. फरक इतकाच कीं ह्या खेपेला पाणी खरें होतें.

त्याचा दोष नाहीं. पडद्यावर ज्यानें शेंकडों शहरें बुडतांना पाहिलीं, त्याला एक शेळी आणि एक छप्पर काय पटणार? आजीनें तंबूंत शिरतांना जोडे बाहेर काढून ठेवले होते; खेळ कोठें सुरू होतो आणि कोठें संपतो हें तिला त्या दारावरून कळत होतें. मोबाईलला असें दार नाहीं. फाळक्यांच्या मंदाकिनीसारखें "मी सोंग घेणार आहें" असें आरंभींच सांगणारेंहि त्यांत कोणी नाहीं.

पुतण्या दिवाळींत आला. आमच्या पडवीच्या भिंतीवर गाळाची रेघ अजून तशीच होती, माझ्या छातीइतकी उंच. त्यानें तिच्यावर बोट फिरविलें, बोटाला लागलेली माती पाहिली, आणि बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग आंत जाऊन आपल्या मुलीला हांक मारून घेऊन आला.