काही न घडण्याचे मोल

(शाखेच्या वार्षिक मेळाव्यात एका निवृत्त आर. एम. एस. कर्मचाऱ्याने केलेले भाषण)



मेळाव्यात बोलायचे म्हणजे महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा हे विषय ठरलेले. ते महत्त्वाचेच आहेत आणि माझ्यानंतरचे वक्ते ते मांडणार आहेत. मी जरा वेगळा विषय घेतो. पगार सुरू आहे, क्वार्टर मिळाले, मुले शिकली, तरीही अनेक साथी रात्रपाळीहून परतताना विचारतात, "हे सगळे कशासाठी?" हा प्रश्न साधू-महाराजांकडे सोपवून युनियनला मोकळे होता येणार नाही.

मी इटारसीला असताना माझे एक शेजारी कीमन होते. रोज सकाळी हातोडा, पाना आणि झेंड्या घेऊन पाच-सहा किलोमीटर रूळ पायी तपासायचा, सैल झालेल्या चाव्या ठोकून बसवायच्या, हे त्यांचे काम. निवृत्त झाल्यावर हा माणूस गप्प गप्प झाला. एकदा मला म्हणाले, "भाऊ, तीस वर्षे चाललो. दाखवायला काय आहे? गवंडी निदान भिंत तरी दाखवतो."

मी म्हटले, "दादा, त्या थंडीतली गोष्ट विसरलात का?" एका जानेवारीत, अजून उजाडायचे होते, तेव्हा त्यांना रुळाला तडा गेलेला दिसला. लाल बत्ती घेऊन ते धावत सुटले, रुळावर फटाके लावले आणि येणारी गाडी थांबवली. ते हसून म्हणाले, "त्या दिवशी गाडी लेट झाली म्हणून पॅसेंजर मला शिव्या देत होते. आणि बाकीचे दिवस तर काही घडलेच नाही!"

साथींनो, आपल्या सगळ्यांचे दुखणे या बोलण्यात आहे. आपल्या कामाचे यश म्हणजे काही न घडणे. गाडी सुखरूप गेली, पत्र वेळेवर पोहोचले, की आपली आठवण कोणाला राहत नाही. चूक झाली तर चार्जशीट हातात पडते. चूक झाली नाही, याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नसते.

त्यात काळ बदलला. नोकरीची सुरुवातीची वर्षे मी चालत्या गाडीत सॉर्टिंग केले. कार्डावरचे वेडेवाकडे अक्षर पाहून हे कोण्या आईने शेजारच्या पोराकडून लिहून घेतले असेल, असे मनात यायचे. आता हाताखालून बारकोड जातो. १५ जुलै २०१३ पासून तार बंद झाली. २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले. मी बदलाच्या विरोधात नाही. हलत्या डब्यात रात्रभर उभे राहून डोळे फोडणे यात काही सुख नव्हते. पण कामाचे तुकडे झाले, आणि आपल्या तुकड्याच्या पलीकडे कोण माणूस उभा आहे, हे दिसेनासे झाले. तो माणूस दिसत नसेल तर काम नुसता बोजा होते. मग कोणी बाटलीकडे वळतो, कोणी घरी मुलांशीही बोलत नाही.

यावर उपाय काय? आपल्याच चळवळीचा इतिहास पाहा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीत येण्यापूर्वी काही काळ रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केली होती, म्हणजे ते आपलेच. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि आठवड्याच्या सुटीची मागणी पुढे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. ही मागणी पैशाची नव्हती. माणसाला घरच्यांसोबत बसता यावे, चार लोकांत जाता यावे, यासाठीची होती. २००५ साली टपाल खात्याने लोखंड्यांचे तिकीट काढले. त्यावर ठसा मारणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक होते?

म्हणून माझी सूचना साधी आहे. शाखेच्या प्रत्येक बैठकीत मागण्यांचे वाचन सुरू करण्याआधी पंधरा मिनिटे एका साथीने आपले काम सांगावे. पॉइंट्समनचे काम पोस्टमनला कळू द्या, पोस्टमनचे ट्रॅकमनला. निवृत्त साथींना वर्षातून एकदा नारळ आणि शाल देऊन घरी बसवू नका; त्यांना बैठकीत बोलवा.

त्या कीमन दादांना मी असाच एका बैठकीला घेऊन गेलो. नव्याने लागलेल्या ट्रॅकमन पोरांनी विचारले, "काका, अंधारात तडा ओळखला कसा?" दादा तासभर बोलले. हातोड्याच्या आवाजातला फरक त्यांनी टेबलावर ठोकून दाखवला. घरी परतताना मला म्हणाले, "पुढची मीटिंग कधी आहे?"

जगण्याचा अर्थ एकट्याने शोधायला बसले की तो सहसा सापडत नाही. आपल्या श्रमावर कोण विसंबून आहे आणि आपल्या खांद्याला कोणाचा खांदा लागला आहे, हे कळले की त्याची वाट दिसते. पगारासाठी आपण लढलो, पुढेही लढू. पण एकमेकांच्या कामाची नोंद ठेवायला कुठल्या आयोगाची वाट पाहावी लागत नाही. ती आजपासून ठेवू या.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो. कामगार एकजुटीचा विजय असो!