मापात न बसणारी सायकल



भांडुपच्या टेकडीवर आमच्या शेजारी राहणाऱ्या एका 12 वर्षांच्या मुलाकडे दिवंगत वडिलांची 24 इंची सायकल आली. आडव्या दांड्याखालून पाय घालून तो ती चालवी आणि उतारावर पडे. ‘बैठक खाली करा, म्हणजे झाले,’ असे सर्वांचे मत पडले. परंतु बैठक उतरवल्याने दांडा उतरत नाही. 24 इंच हे माप चाकाचे नव्हे, फ्रेमचे. पायडलच्या आसापासून बैठकीच्या नळीच्या टोकापर्यंतचे. दोन्ही टाचा जमिनीला टेकून उभे राहिल्यावर दांडा व शरीर यांत दोन बोटे अंतर उरावे, ही खरी कसोटी.

आई सायकल विकण्यास राजी नव्हती. अखेर ती काकांनी वापरावी, मुलाला लहान फ्रेमची जुनी सायकल घ्यावी आणि दरवर्षी हीच कसोटी पाहून योग्य वेळी वडिलांची सायकल त्याच्या हाती द्यावी, असे ठरले.

आपल्या शाळेत सायकलीवर येणाऱ्या मुलांना एकदा असे उभे करून पाहावे. मूल उद्या वाढेल हे खरे. पण शाळेत त्याला आज यावयाचे असते.