बिघडलेला विवर्धक आणि दूरचा मदतनीस

हौशी रेडिओचालकाच्या टेबलावर दोन पेट्या आहेत असे समजा. पहिली प्रेषकाची, तिच्यातून सुमारे १०० वॉट शक्तीचा संदेश बाहेर पडतो. दुसरी विवर्धकाची, म्हणजे अँप्लिफायरची. ती तीच शक्ती ४०० वॉटपर्यंत नेते. एके दिवशी दुसरी पेटी रुसते. थोडा वेळ बोलणे झाले की आतून ‘चट्’ असा आवाज येतो आणि फ्यूज उडतो. अशा वेळी मदत मागायची कोणाकडे? गावातल्या रेडिओ-दुरुस्ती करणाऱ्याने २४०० व्होल्टचा दाब सहसा हाताळलेला नसतो, आणि विवर्धक घरी जुळविलेला असेल तर छापील माहितीपुस्तिकाही नसते.

पहिली पेटी मात्र शाबूत असते. तिच्यावरून सकाळी ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर हाक देता येते. शक्ती चौपट झाली तरी ऐकणाऱ्याच्या मापकावर फरक पडतो तो ६ डेसिबेलचा, जेमतेम एका अंशाचा. तेव्हा विवर्धकावाचून फारसे अडत नाही. घाईचे कारण नाही.

हाकेला ओ देणारा जाणकार कदाचित हजार किलोमीटरवर असतो. त्याला यंत्र दिसत नाही. दिसतात ते फक्त सांगणाऱ्याचे शब्द. ‘बिघडला आहे’ एवढ्याने त्याला काहीच कळत नाही. निर्वात नलिका कोणती, ८१३ की दुसरी? तिची तार तापते का? बोलताना दाब किती उतरतो? शेवटी आत हात कोणी घातला होता? या अखेरच्या प्रश्नाला खरे उत्तर क्वचितच मिळते. रोग्याने वैद्यापासून कुपथ्य लपवावे, तसाच हा प्रकार.

मग तो विचारतो, बंद केल्यावर दाबाचा काटा शून्यावर यायला किती वेळ लागतो? या प्रश्नात सारे मर्म आहे. अशा विवर्धकात ३३० मायक्रोफॅरडची सहा धारित्रे एकामागून एक जोडलेली असतात, आणि प्रत्येकाला समांतर ३० किलोओहमचा एकेक रोधक असतो. यंत्र बंद झाले की हे रोधक साठलेला भार रिता करतात. मिनिटभरात काटा जवळजवळ शून्यावर येतो. पण एक रोधक तुटला, तर त्याच्या धारित्रावर वाट्यापेक्षा अधिक दाब चढत जातो. ते चटचटते, फ्यूज उडतो, आणि बंद केल्यावर काटा भरभर उतरून काहीशे व्होल्टवर रेंगाळतो.

पूर्ण भारलेल्या या साखळीत सुमारे १५८ जूल ऊर्जा असते. हृदयाला धक्का देणाऱ्या रुग्णालयीन यंत्राच्या एका धक्क्यात साधारण एवढीच असते. म्हणून मदतनीस आधी दुरुस्ती सांगत नाही. भिंतीतला प्लग काढून समोर ठेवायचा. घरात दुसरे माणूस जागे हवे. एक हात खिशात. साखळीची दोन टोके जोडून भागत नाही; एखाद्या धारित्रात भार तसाच उरू शकतो. सहाही धारित्रे, लांब निरोधक दांड्याला बांधलेल्या रोधकातून, एकेक करून रिती करायची. साध्या मल्टिमीटरची मर्यादा बहुधा १००० व्होल्टचीच असते, हेही तो बजावतो.

तुटलेला रोधक सापडतो तो बाहेरून धडधाकट दिसणारा. जुन्यांवर विसंबू नये म्हणून सहाही बदलायचे, आणि चटचटलेले धारित्रही. दुसऱ्या सकाळी त्याच पट्ट्यावर पुन्हा हाक जाते. पलीकडून आधी विचारणा होते ती काट्याची. सेकंदांचा आकडा ऐकल्यावरच ‘७३’चा निरोप येतो.