उधन्याची वाट आणि मुलांची शाळा

खानदेशातील माणसाला उधना हे नाव परके नाही. जळगाव, अमळनेर, दोंडाईचे, नंदुरबार, नवापूर अशी स्थानके मागे टाकीत तापीच्या खोऱ्यातून आलेला लोहमार्ग जेथे मुंबई-सुरत ह्या मोठ्या मार्गाला मिळतो, ते जंक्शन म्हणजे उधना. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी व्हॅली रेल्वे सुरू झाली, तेव्हा तिच्या डब्यांतून प्रामुख्याने शेतमाल जात असे. पुढे त्याच रुळांवरून माणसेही जाऊ लागली. कुणी यंत्रमागावर, कुणी कापड रंगविण्याच्या गिरणीत, कुणी भरतकामाच्या यंत्रावर, तर कुणी कापडबाजारातील गाठोडी उचलण्याच्या कामावर लागला. उधना, लिंबायत, नवागाम, डिंडोली, पांडेसरा ह्या भागांतील गल्ल्यांतून आज अहिराणी इतक्या सहजपणे कानी पडते की, नवख्या माणसाला आपण तापीच्या वरच्या अंगाला आहोत की मुखाजवळ, असा क्षणभर संभ्रम पडावा.

एकटा पुरुष कामाला जातो, तेव्हा त्याला दोनच गोष्टी पाहाव्या लागतात : पगार किती आणि निजायला जागा कोठे. परंतु वर्ष-दोन वर्षांनी तो बायकामुलांना नेण्याचा विचार करू लागला, म्हणजे प्रश्नाचे स्वरूप पालटते. सामानाची ट्रंक गाडीतून उतरविता येते. मुलाची चौथी किंवा सातवी मात्र तशी उचलून दुसऱ्या गावी ठेविता येत नाही. ती एका भाषेत, एका अभ्यासक्रमात आणि एका शिक्षकाच्या हाताखाली रुजलेली असते. ते रोप उपटून दुसरीकडे लावावयाचे, तर कोणत्या मातीत आणि कोणत्या ऋतूत, ह्याचा विचार आधी व्हावयास हवा.

बहुतेक घरांत हा विचार उलट क्रमाने होतो. प्रथम काम ठरते, मग कामाजवळची खोली ठरते आणि शेवटी, जून महिना उजाडल्यावर, खोलीजवळ जी शाळा असेल तीत मुलाचे नाव घातले जाते. ह्या क्रमात पहिली जागा कामाला राहणार हे उघड आहे. पोट सर्वांनाच आहे. परंतु दुसरी जागा शाळेला द्यावी व तिसरी खोलीला. शाळा आधी पाहावी आणि तेथून मूल पायी जाऊ शकेल अशा अंतरावर खोली शोधावी. खोली अकरा महिन्यांनी बदलता येते. शाळा वारंवार बदलणे मुलाला मानवत नाही.

आता शाळा कोणती? उधन्यात मराठी पालकापुढे तीन दारे उघडी असतात. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू व इंग्रजी ह्या माध्यमांच्याही शाळा चालविते. तेव्हा मराठी शाळा हे पहिले दार, गुजराती शाळा हे दुसरे आणि इंग्रजी नावाची पाटी लावलेली खासगी शाळा हे तिसरे.

मराठी शाळेविषयी एक गोष्ट प्रारंभीच ध्यानात घ्यावी. तेथील भाषा मराठी असली तरी अभ्यासक्रम गुजरात राज्याचा असतो. पुस्तके बालभारतीची नसून गुजरातच्या पाठ्यपुस्तक मंडळाची असतात. धुळ्याच्या शाळेतून आलेल्या मुलाला वाचता सर्व येते; पण भूगोलातील नद्या व इतिहासातील क्रम वेगळे आढळतात. त्यातून पहिले काही महिने तो गोंधळला, तर त्याला मठ्ठ ठरवू नये.

गुजराती शाळेचे भय मात्र अनेकदा वाजवीपेक्षा अधिक असते. अहिराणी बोलणाऱ्या मुलाला गुजराती ही दूरची भाषा नाही. आपल्याकडचे ‘शे’ आणि तिकडचे ‘छे’ ह्यांत अंतर ते किती? ग्रियर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशी बोलीचा विचार मराठीच्या खंडात न करता भिल्ली भाषांच्या शेजारी केला, तो उगाच नव्हे. लिपीवरची शिरोरेषा काढून टाकली म्हणजे बरीचशी अक्षरे ओळखू येतात. च, ज, ख, झ, फ, ब अशी काही तेवढी नव्याने गिरवावी लागतात. पहिली-दुसरीतील मूल हे सहा महिन्यांत करते.

अडचण असते ती सारख्या दिसणाऱ्या शब्दांची. मराठीत ‘धोरण’ म्हणजे राजकारणातील वा कारभारातील नीती; गुजरातीत ‘धोरण पाचमुं’ म्हणजे इयत्ता पाचवी. आपण ‘दाखला’ म्हणतो तो कचेरीतून आणावयाचा कागद. तेथे गुरुजी ‘दाखलो’ सोडवायला सांगतात तेव्हा ते गणिताचे उदाहरण असते. ‘लेसन’ म्हणजे धडा नव्हे, तर घरचा अभ्यास. पाढ्यांना ‘घडिया’ म्हणतात. असे पन्नासेक शब्द आईबापांनीच एका वहीत उतरून घेतले, तर मुलाचा अर्धा संकोच नाहीसा होईल आणि आईबापांनाही शाळेच्या सूचनाफलकावरचा मजकूर वाचता येऊ लागेल.

मग निवड कशी करावी? वय हा तिचा पहिला निकष. पहिली-दुसरीच्या मुलाला मराठी वा गुजराती, कोणत्याही शाळेत घालता येते. परंतु जे मूल मराठीतून पाचवी-सहावीपर्यंत शिकले आहे, त्याला शक्यतो मराठी शाळेतच ठेवावे. त्या वयात विज्ञान व गणित ह्यांतील कल्पना नव्या असतात. कल्पनाही नवी आणि शब्दही परका, असे दुहेरी ओझे त्याच्यावर पडते. मुलाचे शिक्षण मातृभाषेतून सुरू व्हावे, असा निर्वाळा युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ मध्येच दिला आहे. शिवाय मराठी शाळेत घातल्याने गुजराती सुटते असेही नाही. २०२३ मध्ये गुजरातच्या विधानसभेने केलेल्या कायद्यान्वये पहिली ते आठवीपर्यंत सर्व शाळांतून गुजराती हा विषय शिकविणे बंधनकारक झाले आहे.

इंग्रजी पाटीच्या शाळेत मूल घालण्यापूर्वी पालकाने वर्गाच्या दाराशी पाच मिनिटे उभे राहावे. शिक्षक स्वतः इंग्रजीतून समजावून सांगतात, की पुस्तकातील वाक्ये मुलांकडून घोकून घेतात, हे तेवढ्या वेळात कळते. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, शाळेत न समजणारी इंग्रजी आणि मराठी-गुजराती दोन्ही लिपी अनोळखी, अशी अवस्था झालेल्या मुलाला चार भाषांचे तुकडे येतात. मनातले नीट लिहिता येईल अशी भाषा एकही येत नाही.

ह्याच्या उलट एक उदाहरण इतिहासात आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ मध्ये बडोद्यास दत्तक गेला आणि मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा शिकला. तोच सयाजीराव महाराज म्हणून प्रसिद्धीस आला. परंतु त्याच्यासाठी खास शिक्षक नेमले होते आणि अभ्यासाखेरीज त्याला दुसरे काम नव्हते. तसे शिक्षक सर्वांना मिळणार नाहीत, हे त्यानेच ओळखले असावे; म्हणूनच १९०६ मध्ये त्याने आपल्या सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. गिरणीकामगाराच्या मुलासाठी ती जागा शेजारच्या सरकारी शाळेनेच भरून काढावयाची आहे.

शाळेत नाव घालताना एक प्रश्न अवश्य विचारावा : आठवीनंतर काय? प्राथमिक शाळा आठवीला संपते. मराठीतून आठवी झालेल्या मुलाला मराठीतूनच नववी-दहावी करावयाची असेल, तर तशी माध्यमिक शाळा किती लांब आहे? महानगरपालिकेची सुमन विद्यालये आहेत, अनुदानित व खासगी शाळाही आहेत; परंतु हव्या त्या माध्यमाचा वर्ग जवळ असेलच असे नाही. ह्या एका प्रश्नाचे उत्तर आधी न काढल्यामुळे नववीच्या तोंडाशी मुलगे कारखान्यात जातात आणि मुली घरी बसतात. मुलीच्या बाबतीत तर अंतर हेच पुष्कळदा तिच्या शिक्षणाचे भवितव्य ठरविते. रेल्वेचे रूळ ओलांडून किंवा मालमोटारींच्या रस्त्याने तीन किलोमीटर जावे लागत असेल, तर बाप तिला पाठवीत नाही. आणि पुढे ‘तिलाच शिकण्याची आवड नव्हती’ असे सांगितले जाते.

आता कागदपत्रांविषयी. १ मे १९६० पूर्वी धुळ्याहून सुरतेस जाणे म्हणजे मुंबई राज्यातल्या मुंबई राज्यात जाणे होते. त्या दिवशी दोन राज्ये झाली आणि मध्ये सीमा आली. नवापूरच्या स्थानकावर तर ती फलाटाच्या मधूनच जाते. प्रवाशाला ती जाणवत नाही. शाळेच्या दप्तरात मात्र जाणवते. शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला, आधार, गुणपत्रिका ह्या सर्वांवर नावाचे व आडनावाचे लेखन एकसारखे आहे, हे गाव सोडण्यापूर्वीच पाहून घ्यावे. गुजरातेत २०२३ पासून पहिलीच्या प्रवेशासाठी १ जून रोजी सहा वर्षे पूर्ण असावी लागतात. महाराष्ट्रात धरली जाणारी तारीख वेगळी आहे. हे माहीत नसल्याने लहान मुलाचे वर्ष मागे पडण्याचा संभव असतो.

तथापि एखादा कागद राहिला म्हणून निराश होऊन परत फिरू नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला मोठेच संरक्षण दिले आहे. दाखला यावयास उशीर झाला, वयाचा पुरावा नाही, अथवा वर्ष सुरू होऊन गेले आहे, ह्यांपैकी कोणत्याही कारणास्तव त्याला प्रवेश नाकारता येत नाही. हे शांतपणे, हात जोडून, परंतु ठामपणे सांगता आले पाहिजे.

मोठ्या मुलांबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अनुसूचित जाती-जमातींचा एका राज्यातील दर्जा केवळ स्थलांतराने दुसऱ्या राज्यात लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये सांगितले आहे. शिवाय वैद्यकीसारख्या शिक्षणासाठी मुलाची दहावी-बारावी कोणत्या राज्यात झाली, हे पाहिले जाते. तेव्हा नववीतील मुलाला हलविताना सवलत इकडचीही गेली आणि तिकडचीही नाही, असे होऊ नये. त्याची दहावी गावी आजी-आजोबांजवळ पुरी करून घेणे कित्येकदा शहाणपणाचे ठरते. लहान मुलाला मात्र एकट्याला मागे ठेवू नये. त्याला शाळेपेक्षाही आईची गरज अधिक असते.

राहता राहिली वस्ती. खोली पाहावयाची ती पावसाळ्यात, आणि दिवसा एकदा व रात्री एकदा. सुरत हे समुद्राजवळचे गाव. येथे तापीला भरती-ओहोटी असते आणि शहरातून खाड्या वाहतात. भरतीच्या वेळी पाऊस कोसळला की, खाडीचे पाणी पुढे सरकत नाही, ते वस्तीत शिरते. मिठी खाडीच्या काठच्या लिंबायतमधील लोकांना हा अनुभव वारंवार येतो. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला होता. म्हणून घरमालकाला न विचारता शेजारच्या वाणसामानाच्या दुकानदाराला विचारावे की, पाणी कोणत्या पायरीपर्यंत येते. तो खरे सांगतो.

रात्री जावयाचे ते आवाजासाठी. ज्या भिंतीला लागून यंत्रमाग चालतात, त्या भिंतीआड मूल पाठ करू शकत नाही आणि रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपू शकत नाही. गिरण्यांच्या सांडपाण्याजवळची स्वस्त खोलीही टाळावी. ६ जानेवारी २०२२ रोजी सचिनच्या औद्योगिक वसाहतीत टँकरमधून ओतलेल्या रसायनाच्या वायूने सहा कामगार प्राणांस मुकले. संध्याकाळच्या शिकवणीचा वर्ग कोठे भरतो, तेही पाहावे. २४ मे २०१९ रोजी सरथाणा भागात वरच्या मजल्यावरील वर्गास आग लागली आणि बाहेर पडण्यास वाट नसल्याने बावीस विद्यार्थी दगावले. शिकवणीची फी विचारण्यापूर्वी दुसरा जिना कोठे आहे, हे विचारण्यात कसलाही संकोच नसावा.

शेवटी शेजार. आपल्या गावच्या लोकांत राहावे, की मिश्र वस्तीत? आपल्या माणसांत नव्या गृहिणीला धीर मिळतो. मूल आजारी पडले तर हाक मारावयास मावशी-काकू असतात, आणि पाळीच्या घोळात मुलावर लक्ष ठेवणारे कोणीतरी असते. हे लहानसहान बळ नव्हे. परंतु सबंध गल्ली एकाच तालुक्याची असली, तर दहा वर्षे राहूनही मुलाला गुजराती बोलता येत नाही, आणि कचेरीत गेले की तो बापासारखाच गप्प उभा राहतो. ज्या वस्तीत चार घरे आपली, चार गुजराती व दोन-चार ओडिशा वा उत्तर प्रदेशाकडची आहेत, ती मुलांच्या दृष्टीने उत्तम. भाषा पुस्तकातून येते त्याहून अधिक लगोरी-क्रिकेटच्या खेळातून येते.

तेव्हा ज्यांना कुटुंब न्यावयाचे आहे, त्यांनी मे महिन्याच्या सुट्टीत ते न्यावे. दिवाळीनंतर अर्ध्या वर्षात नेऊ नये. त्यापूर्वी एकदा रजा काढून शाळा पाहावी, गुरुजींना भेटावे, आठवीनंतरची सोय विचारावी, मग खोली ठरवावी. ह्यात एका दिवसाची मजुरी बुडेल. परंतु ज्या मुलांच्या भल्यासाठी म्हणून गाव सोडावयाचे, त्यांच्याकरिता एक दिवस खर्ची घालणे हे काही फार नव्हे.